भरदुपारी ट्यूबलाइट: उजेड नेमका अडतो कुठे?

छज्जेवाला | सोम, रात्री १०:१२

इमारतींचं एनर्जी ऑडिट करणं हा माझा धंदा. हिंजवडी, खराडी, बाणेर अशा भागांत काम पडतं. बाहेरून निळीशार चकचकीत काच, जमिनीपासून छतापर्यंत. आत जावं तर दुपारी दोन वाजता सगळे ब्लाइंड खाली ओढलेले आणि डोक्यावर प्रत्येक दिवा चालू. मग एवढी काच लावली कशाला, असं विचारलं की फॅसिलिटीवाले म्हणतात, "साहेब, स्क्रीनवर ऊन येतं." खरंच येतं. त्यांची काही चूक नाही.

मुळात आपल्याकडे उजेडाची टंचाई नाही. भर उन्हात उघड्यावर सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. आषाढातल्या भरून आलेल्या आभाळाखाली साधारण १० हजार. टेबलावर लिहा-वाचायला लागतात ३०० ते ५००. म्हणजे बाहेरच्यातला चार-पाच टक्के आत आला तरी पावसाळ्यातसुद्धा काम भागावं. पण खिडकीलगतच्या टेबलावर तीन-चार हजार लक्स पडतात आणि पंधरा-वीस फूट आत शंभरच्या खाली. डोळा लक्स मोजत नाही, शेजारच्याशी तुलना करतो. खिडकीजवळचा डोळे चोळत ब्लाइंड ओढतो, आतला अंधार झाला म्हणून दिवे लावतो, आणि दोघांचे दिवे एकाच स्विचवर!

ठोकताळा असा की खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या दीडपट ते दुप्पट खोलवर कामाचा उजेड पोचतो. आपल्याकडे लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई) सात फुटांवर, म्हणजे साडेदहा ते चौदा फूट. नॅशनल बिल्डिंग कोडही ७.५ मीटरच्या पलीकडच्या भागाला खिडकीचा उजेड मिळतो असं धरू देत नाही. म्हणजे लिंटल आणि स्लॅबच्या मधली जी दोन-तीन फूट भिंत आपण सवयीने बांधतो, नेमकी तीच जागा उजेडाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. जुन्या घरांत तिथे झडपा असायच्या. आता तिथे पीओपी येतं.

दुसरं म्हणजे दिशा. पुण्यात (अक्षांश साडेअठराच्या आसपास) २१ डिसेंबरच्या माध्यान्हीला सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी साडेएकाहत्तरवर. चार फूट उंचीच्या दक्षिण खिडकीला लगेच वर दीड फुटाचा छज्जा असेल, तर विषुवदिनी भरदुपारी पूर्ण खिडकी सावलीत. डिसेंबरात मात्र खालचे सव्वादोन फूट ऊन आत येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. पूर्व-पश्चिमेला हे गणित चालत नाही. सूर्य समोरून, कमी उंचीवरून येतो, छज्जा नुसता शोभेला. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, झाड, नाहीतर खिडकीच लहान.

उत्तर सगळ्यांत सुखाची, पण अगदी बिनउन्हाची नव्हे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्या-मुंबईत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि जूनमध्ये उगवतो तो पूर्वेच्या चांगला २५ अंश उत्तरेकडून. उत्तरेच्या बेडरूममध्ये जूनच्या सकाळी ऊन कसं आलं, असं कोडं पडलेल्यांसाठी सांगतोय.

तुमच्या घरात, कचेरीत, शाळेत, शेडमध्ये दिवसा दिवे का लागतात ते लिहा. जमेल तसं उत्तर देतो.

---

दुसरामजला | सोम, रात्री १०:५०

चांगला धागा. माझी तक्रार सरळ आहे. सात मजली सोसायटी, आम्ही दुसऱ्यावर. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या, अरुंद मोकळ्या जागेत) उघडते. सकाळी दहालासुद्धा ट्यूब लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नाहीत. कुणीतरी सांगितलं की छतातून उजेड खाली आणणारी चकचकीत नळी मिळते. ती बसवता येईल का?

---

आंबोळी | सोम, रात्री ११:३१

आमच्या कोकणात हा प्रश्न काचेच्या कौलाने कधीच सोडवलाय. मंगलोरी कौलाच्याच मापाचं काचेचं कौल, माजघरात एक, चुलीवर एक, देवघरावर असेल तर उत्तम. खर्च नगण्य. दुपारी कवडसा जमिनीवरून सरकत जायचा, आजी त्यावरून जेवणाची वेळ सांगायची. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, आपणच विसरलो.

---

गणितपंत | मंगळ, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी थंड पाणी ओततो, माफी असावी.

माझ्या घरात चार एलईडी ट्यूब, २० वॅटच्या. दिवसा सहा तास विनाकारण चालू राहिल्या असं धरा. रोज अर्धं युनिटही होत नाही, महिन्याला साडेचौदा. युनिटला दहा रुपये धरले तरी दीडशेच्या आत. त्यासाठी भिंत फोडून झडप काढायची? गवंडीच दीडशेत पाणी पिऊन जाईल. जुनी ४० ची ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून पन्नासच्या वर वॅट खायचे, तेव्हा या गोष्टीला अर्थ होता. एलईडीने हा विषय संपवला. उलट मोठ्या खिडकीतून ऊन आत आलं की एसी जास्त खातो.

---

भोसरीकर | मंगळ, सकाळी ९:४०

पंत, घराचं बरोबर असेल. शेडचं वेगळं आहे. आमची एमआयडीसीत छोटी शेड आहे, लेथ आणि मिलिंग. दिवसपाळीला दिवे लागू नयेत म्हणून छपरात मधूनमधून पारदर्शक पत्रे टाकलेत. लोक सांगतात छपराच्या पाच ते दहा टक्के. आम्ही कमीच ठेवलेत, कारण मे महिन्यात त्याखाली उभं राहवत नाही.

अडचणी: आधी फायबरचे होते, काही वर्षांत पिवळे पडले आणि वर धूळ-काजळीचा थर. नंतर पॉलीकार्बोनेट घातले. ते टिकलेत, पण पावसाळ्यात ओव्हरलॅपमधून गळतात, कारण लोखंडी पत्रा आणि हा, दोघांचं तापून वाढणं सारखं नाही. स्क्रूची भोकं मोठी होतात.

एक गोष्ट मात्र बिलाच्या हिशोबात धरत नाहीत. साध्या चोकच्या ट्यूबखाली फिरता चक (लेथवर काम पकडणारा भाग) कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिचमिचते, फेरे त्याच्याशी जुळले की डोळा फसतो. नवीन पोरगा हात घालायला गेला तर संपलं. उन्हाच्या उजेडात हा धोका नाही. आमचे वडील जुन्या मशीनवर माणूस बसवताना आधी बघायचे की वरून आभाळाचा उजेड पडतो का.

---

सोलापुरी_चादर | मंगळ, सकाळी ११:१८

आमच्याकडं कौलं नाहीत, माळवद. मातीचं सपाट छत, त्याला मधोमध साणं. उजेड खाली, धूर वर. पाऊस आला की पोरांना वर पिटाळायचं, साण्यावर पत्रा टाकून या म्हणून. रात्री आभाळ दिसायचं त्यातनं.

---

बिनभिंतीचा | मंगळ, दुपारी १२:०२

+१ आंबोळी. वाडासंस्कृती म्हणजे उजेडाचं शास्त्र. मधला चौक पाहा!

---

वाड्यातली_लेक | मंगळ, दुपारी १:२५

वाड्याचं कौतुक पुरे. मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. चौकाभोवतीची सोप्याची जागा उजळ असायची, खरं आहे. पण चौक कुणाचा? येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आणि पुरुषांच्या बैठकीचा. माजघर आत, त्याच्या आत कोठीची खोली, त्याच्या आत बाळंतिणीची. तिथे दिवसाढवळ्या मिणमिणता दिवा. जाड भिंती, हातभर झरोका, तोही उंच. बायकांचा सगळा दिवस ज्या भागात जायचा तोच सर्वांत काळोखा. आईला सुईत दोरा ओवायला अंगणात यावं लागे. पूर्वजांनी उजेड आणला तो पाहुण्यांना दिसेल तिथे. आजच्या फ्लॅटमध्येही हॉलला फ्रेंच विंडो आणि स्वयंपाकघराला डक्ट, दुसरामजला सांगतेय तेच!

---

दुसरामजला | मंगळ, दुपारी १:४०

लेकीबाई, शंभर टक्के.

---

छज्जेवाला | मंगळ, रात्री ९:५५

बरेच प्रश्न जमले, क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

दुसरामजला ताई, ती नळी (लाइट पाइप म्हणतात) वरच्या मजल्यासाठी. छतावर घुमट, आत आरशासारखा गुळगुळीत पत्रा, खाली दुधी झाकण. तुमच्या डोक्यावर पाच मजले आहेत, विसरा. तुमचा उजेड डक्टच्या भिंतींवर आपटत आपटत खाली येतो आणि दर आपटीला कमी होतो. पांढरी भिंत ८० टक्के उजेड परत फेकते, शेवाळलेलं करडं प्लास्टर २०-३० टक्के. तीन-चार आपट्यांत हा फरक कुठल्या कुठे जातो. म्हणून सोसायटीच्या मागे लागा आणि डक्ट आतून पांढराशुभ्र करून घ्या, पाइपांसकट. तुमच्या हातातलं: खिडकीची दुधी काच काढून साधी लावा (आब्रू झाकायला खालचा अर्धा भाग दुधी ठेवा, वरचा साधा), एक्झॉस्ट फॅन वरच्या अर्ध्यात असेल तर खाली किंवा बाजूला न्या, जाळी धुवा. खिडकीशेजारचं वरचं कपाट काढता आलं तर काढा. ओटा काळा ग्रॅनाइट असेल तर त्याला आता इलाज नाही. आपल्या जुन्या मानकात, आयएस २४४० मध्ये, स्वयंपाकघराला बाहेरच्या उजेडाचा अडीच टक्के भाग मागितलाय, दिवाणखान्याला फक्त ०.६२५. बाहेर ८ हजार लक्स धरले तर ओट्यावर २०० व्हायला हवेत. म्हणजे स्वयंपाकघराला हॉलच्या चौपट उजेड हवा असं सरकारी कागद म्हणतोय आणि बिल्डर नेमका उलटा देतोय. लेकीबाईंचा मुद्दा मला कधी इतका स्वच्छ सुचला नव्हता.

पंत, तुमचं घराचं गणित मला पूर्ण मान्य आहे. घरात दिवसाचा उजेड विजेसाठी नव्हे, डोळ्यांसाठी आणि मनासाठी. पण कचेरीचं गणित करू. १०० फूट बाय १०० फुटांचा मजला. चारी बाजूंनी खिडकीपासून १५ फुटांची पट्टी काढा. आत उरतो ७० बाय ७०, म्हणजे ४,९०० चौरस फूट. पट्टीत ५,१०० बसले! अर्ध्याहून जास्त माणसं खिडकीच्या टप्प्यात. चौरस फुटाला अर्धा वॅट एलईडी धरला तर मजल्यावर ५ किलोवॅट. पट्टीतले दिवे दिवसाचे दहा तास बंद ठेवता आले तर रोज २५ युनिटं, एका मजल्याची. असे दहा मजले, आणि महिन्याचे पंचवीस दिवस.

एसीचंही तुमचं बरोबर, फक्त अर्धं. पश्चिमेच्या उघड्या काचेवर दुपारी चौरस मीटरला सहाशे-सातशे वॅट ऊन पडतं. चार बाय चार फुटांच्या खिडकीतून साध्या काचेने सातशेच्या आसपास वॅट उष्णता आत. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, त्याचा पाचवा हिस्सा त्या एका खिडकीने खाल्ला. मात्र हे थेट ऊन. आभाळाचा पसरलेला उजेड वॅटमागे शंभराहून जास्त ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, तुमच्या चांगल्या एलईडीइतकाच किंवा थोडा सरस. म्हणून ऊन बाहेर ठेवायचं आणि आभाळ आत घ्यायचं. पडदा काचेच्या आत लावून उष्णता फारशी अडत नाही, ती आधीच आत आलेली असते. बांबूची चिक बाहेरून सोडा.

आणि ती निळी काच? उन्हावरचा तिचा उपाय अंधार करून केलेला असतो. आरशासारख्या काचेतून कित्येकदा वीस-पंचवीस टक्केच उजेड येतो. इको निवास संहितेत (२०१८, घरांसाठी) म्हणून किमान मर्यादा आहे: भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेतून निदान २७ टक्के उजेड आलाच पाहिजे.

---

खडूफळा | मंगळ, रात्री १०:४५

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या जुन्या दगडी खोल्या बांधणाऱ्याला नमस्कार. मुलांच्या डावीकडे खिडक्या, उजवीकडे व्हरांडा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्यांचा विचार कुणीच केला नाही, मी स्वतः डावखुरा.) वीज नसली तरी वर्ग थांबत नाही.

नवीन खोल्या आल्या त्यात खिडक्या दोन्हीकडून सारख्या, पण फळ्याशेजारीच एक. फळा चमकतो, निम्म्या मुलांना अक्षर दिसत नाही. मग ती खिडकी बंद, दिवा चालू. शाळेचं वीजबिल कोण भरणार हा वाद तर सगळ्यांना माहीतच आहे. एकच विनंती, शाळा बांधताना फळा कुठे लागणार हे आधी विचारा.

---

श्टुटगार्टची_सून | बुध, पहाटे २:३०

इकडून एक उलटी बाजू. डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य जेमतेम १८ अंशांवर, थेट सोफ्यावर. त्याला आम्ही दार उघडून आत बोलावतो. जर्मनीच्या नमुना बांधकाम संहितेत राहत्या खोलीची खिडकी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-अष्टमांश हवी असं आहे. कामाच्या जागेसाठी वेगळा नियम, टेबलावर बाहेरच्या उजेडाच्या दोन टक्क्यांहून जास्त. उन्हाळ्यात मात्र इकडे घरं तापतात, म्हणून बहुतेक खिडक्यांना बाहेरून गुंडाळायचे पट्ट्यांचे पडदे असतात. पुण्यात माहेरी ते कुठेच नाहीत याचं नवल वाटतं, खरी गरज तिकडेच.

---

छज्जेवाला | बुध, सकाळी ८:१०

आपल्या कोडात दमट-उष्ण भागासाठी एक-षष्ठांश आहे, तुमच्याहून जास्त! पण तो आकडा मुख्यतः वाऱ्यासाठी. त्यातून उजेड आला तर आला.

---

मांडवीकार | बुध, सकाळी ९:२२

गोंयच्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. चपटे, अर्धपारदर्शक शिंपले लाकडी पट्ट्यांत सरकवलेले. ऊन आत येत नाही, दुधाळ उजेड येतो, डोळ्यांना कुठे टोचत नाही. आज पैसे मोजून जी दुधी काच घेता, तीच गोष्ट. चिखलीच्या खाडीत हे शिंपले अजून आहेत.

---

काळा_कोट | बुध, सकाळी ११:००

कुणी विचारलं नाही, पण विचारणारच आहात. शेजारी टॉवर उभा राहिला आणि उजेड गेला तर काय?

१८८२ च्या ईझमेंट (सुविधाधिकार) कायद्याच्या कलम १५ नुसार इमारतीला उजेड-हवा २० वर्षं शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून मिळत असेल तर तो हक्क पक्का होतो. समोरची जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं. पण "आधी लख्ख होतं, आता जरा कमी झालं" एवढ्यावर दावा टिकत नाही. नुकसान भरीव लागतं, म्हणजे वस्तूची किंमत घटली, किंवा आत राहणं-काम करणं खरोखर अवघड झालं. फोटो, जुने नकाशे जपून ठेवा. बांधकाम पूर्ण झाल्यावर येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

---

बिनभिंतीचा | बुध, दुपारी १२:१५

प्लास्टिकच्या बाटलीचा दिवा कुणी सांगितलाच नाही. ब्राझीलच्या उबेराबा गावातल्या आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकने २००२ मध्ये केला. बाटलीत पाणी आणि चमचाभर ब्लीच, पत्र्याला भोक पाडून अर्धी वर, अर्धी खाली. साठ वॅटच्या बल्बच्या जवळपास उजेड म्हणतात. नंतर फिलिपिन्समध्ये घराघरांत लागले. आपल्या वस्त्यांत का नाही?

---

भोसरीकर | बुध, दुपारी १२:५०

आमच्या वॉचमनच्या खोलीला लावलाय पोरांनी. चालतो. ब्लीच घातलं नाही तर शेवाळ धरतं. पत्र्यापाशी सील नीट हवं, नाहीतर उजेडाबरोबर पाऊसही. रात्री उपयोग शून्य, हे सांगायला नको.

छज्जेवाले, तुम्ही वर "दोघांचे दिवे एकाच स्विचवर" म्हणालात ते मनात राहिलं. आमच्या शेडमध्ये दिव्यांच्या रांगा खिडकीपासून आतपर्यंत आडव्या गेल्यात. एक रांग लावली की उजेडातला आणि अंधारातला, दोन्ही दिवे लागतात. ऑटोमॅटिक सेन्सरवाला मोठं कोटेशन देऊन गेलाय. घेऊ का?

---

गणितपंत | बुध, दुपारी १:०५

कोटेशन टाका इथे, परतफेड काढून देतो.

---

छज्जेवाला | बुध, रात्री ९:२०

आत्ता घेऊ नका. आधी वायरमनला बोलवा आणि रांगा खिडकीला समांतर करून घ्या. खिडकीलगतची रांग एका स्विचवर, मधली दुसऱ्यावर, आतली तिसऱ्यावर. पारदर्शक पत्र्याखालचे दिवे चौथ्यावर. स्विचबोर्डावर ठळक अक्षरांत लिहा कोणता कुठला. शेडमध्ये सेन्सरवर महिन्याभरात धूळ आणि तेलाची वाफ बसते, मग तो भरदुपारी संध्याकाळ समजतो. पंधरा-वीस मशीनच्या शेडला फोरमनचं बोट पुरतं.

सेन्सरचा उपयोग मोठ्या कचेरीत, जिथे दिवा आपला नसतो म्हणून कुणीच बंद करत नाही.

पारदर्शक पत्रे पावसाळ्याआधी आणि नंतर धुवून घ्या, तेवढ्यानेही बराच फरक पडेल. गळतीला पत्रा आणि शीटच्या मधली स्क्रूची भोकं थोडी मोठी ठेवून खाली ईपीडीएमचे (रबराचे) वॉशर घाला, म्हणजे शीटला हलायला जागा राहते. पुढच्या वेळी बदलताना उत्तरेकडच्या उतारावर जास्त टाका, दक्षिणेकडच्या उतारावर कमी. जुन्या गिरण्यांच्या विणाईखात्याची करवतीच्या दातांसारखी छपरं त्याच कारणासाठी उत्तरेकडे काच धरून होती.

---

दुसरामजला | गुरु, सकाळी १०:३०

सेक्रेटरींना डक्टच्या रंगाचं सांगितलं. म्हणाले, बाहेरचा रंग निघेल तेव्हा बघू, आणि वरच्या मजल्यांना उजेड आहे, ते वर्गणी देणार नाहीत. काळा कोट साहेब, डक्टला ते कलम १५ लागतं का हो?